कुंबा वाळेपर्यंत

ट्यूनिशियातल्या आलिया गावात मन्नूबियाकडून स्वेटर विणून घ्यायचा म्हणजे आधी मनाची तयारी लागायची. स्वेटर गुडघ्यापर्यंत यायचा, बाह्या चहाच्या पेल्यात बुडायच्या. कुणी भीत भीत म्हणालंच, "मावशी, जरा मोठा झाला," तर ती शांतपणे सांगायची, "मोठा नाही झाला. तू अजून उकळला नाहीस."

आता यात तिची तरी काय चूक? सात वर्षांची असल्यापासून ती शेशियाच्या, म्हणजे आपल्या लाल टोपीच्या, कच्च्या टोप्या विणत आली होती. पांढऱ्या लोकरीची, पाच सुयांवर, दोन डोकी सहज मावतील एवढी टोपी. तशा टोप्यांचे गठ्ठे व्हॅनमधून नदीकाठच्या गिरणीत जायचे. तिथं गरम पाण्यात, साबणात कुटून टोपी आटायची, निम्म्याहून लहान आणि घट्ट व्हायची. मग ट्यूनिसच्या बाजारातले कारागीर तिला रंगवायचे, साच्यावर बसवायचे आणि कुणाच्या तरी डोक्यावर चढवायचे. मन्नूबियाच्या वाट्याला फक्त पहिला भाग. सत्तावन्न वर्षं तिनं टोप्या विणल्या, पण पुरी झालेली टोपी घरात एकच होती, ती खुंटीवर, मरहूम नवऱ्याची. आपल्या हातून एखादी गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत पुरी झालेली तिनं कधी पाहिलीच नव्हती. त्याचं तिला वाईट वाटायचं, पण ते सांगणार कुणाला?

तर अशा या मन्नूबियाचा एकुलता एक मुलगा लसअद. वय चौतीस, बिझर्तच्या पोस्टात नोकरी, स्वभावानं गरीब. फोनवर एक खेळ खेळायचा. त्यात म्हणे प्रत्येकानं आपापलं शेत करायचं आणि कसलीकसली जनावरं पाळायची. एक दिवस कुणाचं तरी जनावर याच्या शेतात घुसलं आणि भोपळ्याचा अख्खा मळा खाऊन गेलं. लसअदनं मालकिणीकडं लेखी तक्रार केली. मालकीण निघाली सफाक्सची सिरीन, औषधांच्या दुकानात काम करणारी. तक्रारीचा पत्रव्यवहार दीड वर्षं चालला आणि शेवटी दोन्ही घरची माणसं बसून फातिहा वाचून लग्न पक्कं करून मोकळी झाली. भोपळ्यांची भरपाई मात्र अजून झालेली नव्हती.

फातिहाला वर्ष उलटलं तरी लग्नाची तारीख काही निघेना. सिरीनची आई, लल्ला सुआद, म्हणजे सुआदबाई, दर वेळी नवीन कारण काढायची. आधी बहिणीचं खुब्याचं ऑपरेशन आलं, मग घराला रंग द्यायचा राहिला, मग ऑलिव्हचा हंगाम. "बघू," असं म्हणायची आणि चहा पुढं करायची. मन्नूबियाला तो "बघू" बरोबर कळायचा. सफाक्सची शिकलेली, नीटनेटकी माणसं. टोप्या विणणारीच्या घरात पोर द्यायला त्यांचा जीव धजत नव्हता. लसअद काही बोलत नव्हता, पण त्याची पँट कमरेला सैल झाली होती, आणि आईला तेवढं पुरे असतं.

बकरी ईद तीन आठवड्यांवर आली. सणाच्या आधी मुलाकडच्यांनी ठरलेल्या मुलीला भेट न्यायची, हा रिवाज. मेंदी, कापड, अत्तर तर आलंच, पण यंदा काहीतरी असं न्यायचं की लल्ला सुआदचा "बघू" घशातच राहायला पाहिजे, असं मन्नूबियानं ठरवलं होतं.

"काय आवडतं रे तिला? बांगड्या नेऊ?"

लसअदनं फोन पुढं केला. पडद्यावर सायीच्या रंगाचं एक ध्यान बसलं होतं. सहा आखूड पाय, तीन कान, घागरीसारखं पोट आणि कपाळाच्या मधोमध एकच डोळा.

"हा कुंबा. भोपळे खाल्ले तो हाच. तिला बाकी काही नको म्हणाली. तुझ्या हातचा कुंबा हवाय. मांडीवर बसेल एवढा."

मन्नूबियानं फोन लांब धरला, जवळ धरला, उलटा धरला. "आमच्या वेळी सासू सुनेची परीक्षा घ्यायची. आता सून सासूची घेते काय?"

"परीक्षा कसली, आई? तिला आवडतं."

"एका डोळ्याचं जनावर घेऊन मी त्या बाईच्या दारात जाऊ? एका डोळ्याचं?"

पण हात मात्र तेव्हाच मनातल्या मनात टाके मोजायला लागले होते. ते हात काही तिचं ऐकत नसत.

सुयांवर तिनं प्रयत्न करून पाहिला. पहिला पाय टोपी झाला, दुसरा पायही टोपी झाला. लसअदनं फोनवर नमुना शोधून वाचून दाखवला: हे काम क्रोशाचं आहे, आकड्याच्या सुईचं. ते ऐकून मन्नूबियानं सुया खाली ठेवल्या आणि बराच वेळ भिंतीकडं बघत बसली.

कारण भिंतीच्या पलीकडं शलबिया राहत होती. शलबियाच्या हातात चाळीस वर्षं क्रोशाची सुई. तिच्या घरी टीव्हीवर विणलेली जाळी, फ्रिजवर जाळी, पाण्याच्या बाटलीलाही झालरीचा झगा. "शलबियाकडं चहाला बसलं तर पेला संपेपर्यंत आपल्या गुडघ्यावर जाळी पडते," ही मन्नूबियाची गावभर गाजलेली थट्टा. आकड्याची सुई म्हणजे रिकामटेकड्यांचा खेळ, असं ती शलबियाच्या तोंडावर कितीदा म्हणाली होती, त्याची गणतीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी ती गेली. दारातच शलबियानं कमरेवर हात ठेवले.

"काय गं, वाट चुकलीस?"

"चुकले नाही. शिकायला आलेय."

"काय शिकायला?"

"तुला माहितीये."

"मला नाही माहीत. मी आपली रिकामटेकडी बाई."

मन्नूबियानं लसअदच्या सैल पँटची आठवण काढली. "क्रोशा," ती म्हणाली.

"मोठ्यानं म्हण. भिंतीपलीकडच्यांनाही ऐकू जाऊ दे."

"भिंतीपलीकडं माझंच घर आहे, बाई."

शलबिया हसून हसून खुर्चीत बसली आणि तिनं सुई काढली. शिकवायला मात्र एकदम कडक होती. आधी मधोमध ओढून आवळायची गोल गाठ, मग मुके खांब, म्हणजे आखूड टाके, फेऱ्यावर फेरा, इथं टाके वाढव, इथं घटव. मन्नूबियाची बोटं पाच सुयांना सरावलेली; एकच सुई हातात आली तशी उरलेली बोटं कामावरून काढल्यासारखी इकडंतिकडं बघत राहायची. पहिले दोन दिवस तिनं सुईला, लोकरीला आणि सफाक्स शहराला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी गप्प झाली. चौथ्या दिवशी शलबियानं तिचा फेरा उजेडात धरून पाहिला आणि काही न बोलता परत दिला, तेव्हा मन्नूबियाला कळलं की जमलं.

पण माप? मांडीवर बसेल एवढा हवा, म्हणजे आटल्यावर मांडीवर बसेल एवढा, म्हणजे विणताना तिप्पट. हा हिशेब मन्नूबियाच्या रक्तातच होता. एकेक पाय टोपीएवढा झाला. कान उशीच्या अभ्र्याएवढे. पोट विणताना तर ती स्वतःच त्याच्या आत बसायची आणि कडेनं फेरा घालत सरकायची.

"अगं, हा मांडीवर बसणार की मांडी याच्यात बसणार?" शलबियानं विचारलं.

"गिरणीत गेला की आटेल."

"क्रोशाचं काम आटवत नाहीत, बाई. सुईवरून उतरलं की पुरं झालं."

"न आटवलेलं ते कच्चं," मन्नूबिया म्हणाली. या बाबतीत तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या, आटलेल्या आणि कच्च्या, आणि शलबियाच्या सगळ्या जाळ्या दुसऱ्या प्रकारात मोडत होत्या.

एक काम तिनं शलबियाच्याही नकळत केलं. एकच डोळा असलेलं जनावर शुभ कामाला न्यायचं तिच्या जिवावर आलं होतं, आणि लल्ला सुआदच्या त्या सोनेरी चष्म्याआडच्या नजरेची तर तिला खरोखर धास्ती होती. म्हणून कुंब्याच्या पोटाला आतल्या बाजूनं, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, तिनं निळ्या दोऱ्यानं खुमसा भरला. पाच बोटांचा पंजा, चांगला तळहाताएवढा. वाईट नजर आत शिरली तरी पोटातच अडेल, असा तिचा हिशेब.

ईदच्या चार दिवस आधी कुंबा विणून झाला आणि मन्नूबियानं गठ्ठे नेणाऱ्या व्हॅनवाल्याला फोन लावला.

"मावशी, गिरणी तर बंद झाली. माणसं गावाला गेली. आता ईदनंतर आठ दिवसांनी."

आता बघा, सत्तावन्न वर्षं ही बाई त्या गिरणीच्या भरवशावर जगली, पण ईदच्या आठवड्यात गिरणी बंद असते हे तिला माहीतच नव्हतं. त्या आठवड्यात तिनं कधी काही पाठवलंच नव्हतं. तिची आजी घरच्या घरी पायांनी तुडवून लोकर आटवायची, ते तिला आठवलं. पण गावचे नळ दोन दिवसांपासून कोरडे होते आणि प्यायचं पाणी बाटल्यांतून येत होतं.

"तसाच नेऊ या," लसअद म्हणाला.

"कच्चा? त्या बाईसमोर कच्चं काम?"

"मग ईदनंतर जाऊ."

मन्नूबियानं त्याच्याकडं पाहिलं. सणाची भेट सणानंतर नेली की झालं, लल्ला सुआदला चौथं कारण आयतं मिळालं. ती उठली आणि कुंब्याची घडी घालायला लागली.

ईदच्या आदल्या दिवशी सकाळी मायलेक निघाले. ट्यूनिसहून सफाक्सच्या भाड्याच्या व्हॅनमध्ये आठ प्रवासी, टपावर दोन बोकड आणि मन्नूबियाच्या मांडीवर कुंबा. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, कातडं टपावर टाका." तिनं असं काही पाहिलं की तो पुढचे तीन तास आरशात बघायचंही टाळत होता. जूनचा उन्हाळा, त्यात मांडीवर पाच किलो लोकर. सफाक्स येईपर्यंत मन्नूबियाच आटते की काय, असं लसअदला वाटायला लागलं.

लल्ला सुआदचं घर नेहमीसारखं लख्ख होतं. अंगण धुतल्यासारखं, मधोमध पावसाच्या पाण्याचं भुयारी टाकं, त्याच्या दगडी तोंडावर पितळी झाकण आणि झाकणाला कुलूप. स्वतः लल्ला सुआद ताठ, उंच, मोजे घातलेली. सिरीनचे वडील सी तीजानी बोकड आणायला बाजारात गेलेले. टेबलावर बदामाची मिठाई इतकी सरळ रांगेत मांडलेली की उचलायचं धाडस होऊ नये.

मेंदी झाली, कापड झालं, अत्तर झालं. लल्ला सुआदनं प्रत्येक गोष्टीला मान हलवली. मग लसअदनं गाठोडं पुढं ठेवलं, आणि तिनं ते दोन बोटांनी उलगडलं.

अंगणात सायीच्या रंगाचं लोकरीचं भलंमोठं कातडं पसरलं. सहा पाय सहा दिशांना. तीन कान. रिकामं, चपटं पोट. आणि आकाशाकडं बघणारा एक डोळा.

लल्ला सुआदनं चष्मा सारखा केला.

"ईद उद्या आहे ना?"

"हो," मन्नूबिया म्हणाली.

"मग तुम्ही आजच कापलंत?"

सिरीनच्या नाकातून आधी आवाज आला, मग ती जमिनीवरच बसली. पोटाला धरून हसत तिनं ते कातडं अंगावर ओढलं, आणि लोकर भरायला ठेवलेल्या पोटाच्या भोकातून तिचं डोकं बाहेर आलं. "मावशी, मी आत मावतेय," ती म्हणाली, "अख्खी मावतेय." लसअदही हसला. एकटी मन्नूबिया हसत नव्हती. तिला कानापर्यंत लाज चढली होती. तीन आठवडे, शलबियाचे टोमणे, ते मुके खांब, सगळं या लख्ख अंगणात कातडं होऊन पडलं होतं, आणि वर ती बाई चष्म्यातून बघत होती.

"हा पुरा झालेला नाही," मन्नूबिया म्हणाली. "कच्चा आहे. आटवायचा राहिलाय."

"अस्सं," लल्ला सुआद म्हणाली. आता "बघू" येणार, हे मन्नूबियाला दिसत होतं.

म्हणून ती उठली. सिरीनच्या अंगावरून कुंबा ओढून घेतला आणि सवयीनं, काही विचार न करता, आतली बाजू बाहेर केली. आटवताना उलटंच आटवायचं असतं. आणि त्याबरोबर पोटावरचा तो निळा पंजा उन्हात लख्ख दिसायला लागला.

लल्ला सुआद वाकली. "हे काय? आत कशाला?"

"नजर लागू नये म्हणून."

"आत कुणाची नजर लागणार?"

"बाहेर लावला असता तर तुम्हाला दिसला असता."

लल्ला सुआद सावकाश सरळ झाली. "म्हणजे माझी नजर?"

लसअदनं डोळे मिटून घेतले. मन्नूबियाला एक क्षण वाटलं, बदामाच्या मिठाईकडं वळावं, हवापाण्याचं काहीतरी बोलावं. पण तीन तासांच्या उन्हानं आणि त्या हसण्यानं तिच्यातला सगळा गोडवा आटला होता.

"हो, तुमचीच. दुसरं कोण आहे इथं? तीनदा तारीख टाळलीत, लल्ला सुआद. खुबा झाला, रंग झाला, ऑलिव्ह झाले. टोप्या विणणारीच्या घरी मुलगी द्यायची नसेल तर तसं सांगा, मी माझा मुलगा घेऊन जाते. त्याला रडायचं असेल तर घरी रडेल. पण हा इथं असा कच्चा टाकून मी जाणार नाही. मी आजवर हातातलं काम पुरं झालेलं पाहिलेलं नाही, तुमच्या दारात तर अर्धवट अजिबात सोडणार नाही. मला पाणी द्या."

लल्ला सुआद वळली आणि घरात गेली. सिरीनचं हसू गेलं होतं. ती उलट्या कुंब्याचा एक पाय धरून बसली होती. आई आता बॅगा बाहेर आणून ठेवते की काय, असं तिलाही वाटलं असावं.

लल्ला सुआद बाहेर आली ती हातात धूपदान घेऊन. अजून धूर येत होता. ते तिनं मिठाईच्या रांगेशेजारी ठेवलं.

"सकाळपासून तीनदा फिरवलाय घरभर," ती म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून."

मन्नूबिया धूपदानाकडं बघत राहिली.

"एकच मुलगी आहे मला. ती फोनमधल्या जनावरामागं गेली आणि तिकडच्या टोकाचा पोस्टातला माणूस घेऊन आली. ती गेल्यावर हे एवढं अंगण मी कुणासाठी धुऊ? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतंत?"

"मी तर मीठही ओवाळलं असतं," मन्नूबिया म्हणाली.

"ओवाळलंय. तुम्ही बसलात त्या खुर्चीवरून."

दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. आधी कुणाचा ओठ हलला ते सिरीन आणि लसअद आजही वेगवेगळं सांगतात, पण दोघी हसायला लागल्या आणि लल्ला सुआदला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"पाणी देते," ती म्हणाली. "पण नळाला नाही. आज सकाळपासून गेलंय."

"मग त्यात काय आहे?" मन्नूबियानं पितळी झाकणाकडं बोट केलं.

सिरीननं श्वास रोखला. त्या टाक्यातलं पाणी म्हणजे चहासाठी, सणाच्या मिठाईसाठी, आजाऱ्यासाठी. त्या पाण्यानं या घरात कुणी हातसुद्धा धूत नसत. एकदा सी तीजानींनी त्यानं गाडी पुसली होती, तर लल्ला सुआद त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हती.

"लोकरीला पावसाचंच पाणी लागतं," मन्नूबिया म्हणाली. "नळाच्या पाण्यानं लोकर रुसते. पाणी तुमचं, ऑलिव्ह तेलाचा साबण तुमचा. गिरणीतही एवढं चांगलं मिळत नाही."

हे तिनं खुशामतीनं म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. लल्ला सुआदनं खिशातून किल्ली काढली.

लग्नकार्याचं मोठं तांब्याचं घंगाळ अंगणात आलं. लसअद पाणी उपसून तापवायचा आणि आणून ओतायचा. हिरव्या साबणाचा फेस झाला आणि कुंबा आत गेला.

"पाय धू आणि ये," मन्नूबिया सिरीनला म्हणाली. सिरीन घंगाळात उतरून उड्या मारायला लागली. "नाचू नकोस. तुडव. टाच टाक, मग बोटं. घाई केलीस तर वाकडा आटेल."

सिरीन वजनानं हलकी होती. मन्नूबियाही आत उतरली. दोघींनी एकमेकींचे खांदे धरले. दहा मिनिटं झाली तरी लोकर जागची हलेना, तशी मन्नूबियानं मान वर केली आणि लल्ला सुआदकडं पाहून म्हणाली,

"तुम्ही काय बघत उभ्या? मोजे काढा."

लल्ला सुआदला तिच्या लग्नानंतर असं कुणी काही सांगितलं नसावं. तिनं आजूबाजूला पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाला म्हटलंय. मग खुर्चीवर बसली आणि एकेक मोजा गुंडाळून काढला, घडी करून ठेवला, आणि घंगाळात पाय ठेवला. "आई गं, उकळतंय हे."

"उकळत नाही. गरम आहे. हलवा पाय."

मग तिघी गोल गोल तुडवत राहिल्या. अर्ध्या तासात लल्ला सुआदच्या गुडघ्यांची सगळी कहाणी मन्नूबियाला कळली, आणि मन्नूबियाच्या नवऱ्याचा स्वेटर एकदा उकळताना इतका आटला की तो मांजराला बसला, हे लल्ला सुआदला कळलं. हसताना लल्ला सुआद घसरली तर मन्नूबियानं तिला कमरेला धरलं, आणि मग ते धरलेलं दोघींनीही सोडलं नाही.

तेवढ्यात दार उघडून सी तीजानी आले. हातात दोरी, दोरीला उद्याचा बोकड. समोर बायको गुडघ्यापर्यंत फेसात, तिच्या मोलाच्या पाण्यात, विहिणीच्या गळ्यात हात टाकून. सी तीजानींनी काही विचारलं नाही. बोकडानं मात्र घंगाळाबाहेर लोंबणारा लोकरीचा पाय पाहिला, चारही पाय रोवले आणि आत यायला साफ नकार दिला.

संध्याकाळच्या आत कुंबा बाहेर निघाला. मन्नूबियानं तो पिळला, झटकला, सुलटा केला, पोटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि सिरीनच्या मांडीवर ठेवला. बरोबर मांडीएवढा. टाके एकमेकांत इतके मिसळले होते की विणलेला म्हणून ओळखू येऊ नये, आणि डोळा आटून बारीक झाला होता, नुकतंच जेवून उठल्यासारखा.

"आईसारखा दिसतो," सिरीन म्हणाली.

"माझ्यासारखा कुठं?" लल्ला सुआद म्हणाली. "तुझ्या वडिलांसारखा दिसतो."

मन्नूबिया कुंब्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. पुरं झालेलं काम हाताला कसं लागतं, हे तिला चौसष्टाव्या वर्षी कळत होतं, आणि डोळे भरले तर ते साबणामुळं, असं तिनं लसअदला सांगितलं.

"वाळायला किती दिवस?" लल्ला सुआदनं विचारलं.

"चार-पाच. बोळे रोज बदलायचे, ऊन फिरेल तसं फिरवायचं. वाळला की मी आतली लोकर पाठवीन."

"बरं. वाळला की तारीख काढू."

परतीच्या वाटेवर लसअद खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हे चौथं कारण झालं, आई."

"असेल," मन्नूबिया म्हणाली. "पण हे निदान वाळणारं आहे."

ईद झाली. चौथ्या दिवशी दुपारी शलबिया मन्नूबियाकडं आली होती. सफाक्सची हकीकत तिनं पाचव्यांदा ऐकून घेतली होती आणि सहाव्यांदा ऐकायची तिची तयारी होती. फोन वाजला. लसअदनं नाव बघितलं आणि फोन आईपुढं धरला. लल्ला सुआदनं वर्षभरात कधी आपणहून फोन केला नव्हता.

"लल्ला मन्नूबिया? वाळला."

लसअद उठून उभा राहिला. शलबियानं ओढणीचं टोक तोंडाला लावलं.

"कान?" मन्नूबियानं विचारलं.

"वाळले."

"पाय?"

"सहाही. मी स्वतः दाबून बघितले."

"पोटात हात घालून बघितलंत का? बोळे काढून, अगदी त्या पंज्यापर्यंत?"

लसअद दोन्ही हातांनी खुणा करत होता. शलबियानं तिला चिमटा काढला आणि कुजबुजली, "अगं, वाळला म्हणतेय ना ती. वाळला म्हण." पलीकडं पावलं वाजली, मग कागदाचे बोळे काढल्याची खसखस. मग लल्ला सुआदचा आवाज आला.

"आत ओला लागतोय."

"मग नाही वाळला," मन्नूबिया म्हणाली.

लसअद डोकं धरून खाली बसला.

"मी तर तारीख सांगायला फोन केला होता," लल्ला सुआद म्हणाली.

"तारीख दोन दिवस थांबेल. ओला भरला तर आतून कुजेल हो. मग सगळं वाया."

लल्ला सुआद म्हणाली,

"मग असं करा. आतली लोकर घ्या आणि इकडंच या. वाळेपर्यंत राहा माझ्याकडं. तारीख आपण दोघी बसून काढू. चहाला टाक्याचं पाणी काढून ठेवते."

मन्नूबिया "येते" म्हणाली आणि फोन लसअदच्या हातात देऊन तिनं दुआनंतर फिरवतात तसे तोंडावरून दोन्ही हात फिरवले. मग ती शलबियाकडं वळली.

"तुझ्याकडं एखादी चांगली जाळी आहे का गं? राहायला जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं?"

चाळीस वर्षांत सुचलेली सगळी उत्तरं शलबियाच्या जिभेवर आली असतील, पण तिनं एकही वापरलं नाही. उठून घरी गेली, टीव्हीवरची जाळी काढून घेऊन आली, नीट चौघडी केली आणि मन्नूबियाच्या हातात दिली.

"फक्त एक सांग त्यांना," ती म्हणाली. "ही उकळायची नसते."